बार सुटलो

"डुकर समजान बार सुटलो, डाक्टरीणबाय."

हे वाक्य त्या सकाळी मी कितव्यांदा ऐकलं कोण जाणे. टेबलावर सहदेव आडवा पडला होता. उजव्या खांद्याला मुठीएवढं भगदाड. गालात दोन छर्रे. एक छर्रा थेट उजव्या डोळ्यात. वाडीतल्या माणसांनी त्याला टेम्पोत घालून आणलं होतं आणि आता ती सगळी माझ्या ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती. शब्द तेच, चाल तीच. शाळेत पाढे म्हणतात तसं.

"बार कोणी काढला?" मी विचारलं.

"सुटलो, बाय."

"आपोआप? बंदूक काय झाडावर लागली होती?"

मी सिस्टरना सलाइन लावायला सांगितलं आणि दार आपटून बंद केलं. मला राग पटकन येतो. नोकरीत असताना त्यामुळे माझी बदली लवकर व्हायची. पण त्या दिवशीचा राग आजही उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी मालवणच्या बाजारपेठेतली. वडिलांचं दुकान होतं. डॉक्टर झाले आणि ऐंशीच्या दशकात, जिल्हा नवा नवा झालेला असताना, आमच्याच तालुक्यात सरकारी हॉस्पिटलला लागले. हॉस्पिटल म्हणजे थोड्या खाटा, एक ऑपरेशन टेबल, एक जीप ॲम्ब्युलन्स आणि मी. भाषा घरचीच असल्यामुळे पेशंट माझ्याशी मोकळेपणाने बोलायचे. खोटंसुद्धा मोकळेपणाने बोलायचे.

सहदेवची वाडी धामापूरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. पुढे भातशेती, मागे रान. रानातून डुकरं यायची. आश्विनात भात पिकायला आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे शेताचा एक तुकडा, लोळून साफ करायचा. त्यासाठी सरकार शेतरक्षणाचा परवाना द्यायचं. सगळ्या वाडीत मिळून एक बंदूक. ती आबाच्या नावावर. आबा म्हणजे सहदेवचा चुलतभाऊ. दोघांची घरं शेजारी, विहीर सामाईक, शेतं लागून. मध्ये फक्त एक मेर, म्हणजे मातीचा बांध.

ही मेरच सगळ्या भानगडीचं मूळ. ओपीडीत आला की सहदेव म्हणायचा, आबा दरवर्षी मेर कोरतो, म्हणजे बांध कापून आपलं शेत वाढवतो. आबा म्हणायचा सहदेव कोरतो. दोघंही कोरत असणार. कारण मी पुढे ती मेर बघितली तेव्हा तिच्यावर एक पाऊल धड ठरत नव्हतं.

सहदेवला भूल देऊन मी खांदा साफ करायला घेतला. छर्रे निघाले. मेलेलं मांस काढलं. आणि चिमट्याला काहीतरी तंतूसारखं लागलं. ओढलं तर लांबलचक बाहेर आलं. रक्ताने भिजलेला काथ्या. नारळाच्या सोडणाचा.

"हो काय?" फर्नांडिस सिस्टर म्हणाल्या.

"हो पुरावो," मी म्हटलं.

हे जरा समजावून सांगते. आबाची बंदूक ठासणीची होती. ठासणीची म्हणजे काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तिच्यावर बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. बाकीकडे हा बोळा चिंध्यांचा करतात. आमच्याकडे काथ्याला कमी नाही, म्हणून काथ्याचा. बार उडाला की छर्रे लांब जातात. पण काथ्या तो, त्याला वजन किती? तो थोडंसं अंतर जातो आणि खाली पडतो. तो माणसाच्या अंगात शिरला याचा अर्थ बंदुकीचं तोंड त्या माणसाच्या अगदी जवळ होतं. शिवाय खांद्याच्या कातडीत दारूचे काळे ठिपके गोंदल्यासारखे बसले होते. तेही जवळूनच बसतात.

आणि जखम खांद्यावर. समोरून. डुक्कर फार तर माझ्या कमरेएवढं असतं. सकाळच्या लख्ख उजेडात, दोन पायांवर उभं राहिलेलं, अंगात बनियन घातलेलं डुक्कर आबाने हाताच्या अंतरावरून बघितलं आणि त्याला ते ओळखू आलं नाही?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डोळा माझ्या हातातला नव्हता. तो वाचवायला गोव्याला न्यायला हवं होतं. जीपमध्ये सहदेव, त्याची बायको शेवंती आणि सिस्टर बसल्या. निघताना मी शेवंतीला बाजूला घेतलं.

"शेवंती, खरा सांग. मेरेवरना भांडाण झाला ना?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डुकर समजान बार सुटलो, बाय."

"अगो, तुझ्या घोवाचो डोळो गेलो!"

"गेलो तो गेलो," ती म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

मला तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. नवऱ्याचा डोळा गेलाय आणि ही बाई ज्याने फोडला त्यालाच पाठीशी घालते. कसली भाऊबंदकी ही?

दुपारी फौजदारसाहेब आले. घाटावरचे, तसे सभ्य. टोपी टेबलावर ठेवून त्यांनी चहा मागितला. चहा येईपर्यंत माझ्यापुढे एमएलसीचा कागद सरकवला. एमएलसी म्हणजे पोलिस केस असलेल्या जखमेचं डॉक्टरने द्यायचं सर्टिफिकेट.

"साधी केस आहे मॅडम. अपघाती इजा लिहा, म्हणजे मी मोकळा."

"अपघाती नाही."

"वाडीतल्या सगळ्यांचे जबाब एकसारखे आहेत."

"म्हणूनच नाही. खरं बोलणाऱ्या माणसांचे जबाब इतके एकसारखे येतात का हो?"

मी ट्रेमधला काथ्या त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चहाचा कप जरा लांब सरकवला. मी सगळं समजावलं. त्यांना समजलं. त्यांना ते आधीच समजलेलं होतं हे मला समजलं.

"मॅडम, तुम्हाला नवीन ऑर्डर माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हती. त्यांनी सांगितली. शेतरक्षणाच्या बंदुकीने माणूस जखमी झाला तर परवाना रद्द, बंदूक कायमची जमा. मात्र निव्वळ अपघात असेल तर ताकीद देऊन बंदूक परत. आणि रद्द झालेल्या परवान्याच्या जागी दुसरा लवकर मिळत नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडी आबाला पाठीशी घालत नव्हती. वाडी बंदुकीला पाठीशी घालत होती. भात उभं होतं. कापणी तोंडावर होती. बंदूक गेली की डुकरं मोकळी. सहदेवच्या शेतातलं भातसुद्धा त्याच बंदुकीने राखलं जात होतं, ज्या बंदुकीने त्याचा डोळा फोडला. म्हणून त्याची बायकोही तेच वाक्य बोलत होती. ज्याने कोणी ही ऑर्डर काढली त्याने खोटं बोलायची सोयसुद्धा तिच्यातच करून ठेवली होती. माणसाला शिक्षा करायची सोडून वाडीच्या ताटात हात घातला होता.

"अपघात लिहिलंत तर सगळ्यांचं भलं," फौजदार म्हणाले. "आणि खरं सांगू? ही बंदूक जमा करून काय होणार? या रानात बिनपरवान्याच्या कितीतरी आहेत. गावठी. घरच्या घरी बनवलेल्या. त्यांचे मालक माझ्या स्टेशनची पायरी चढत नाहीत. कायदा कडक केला की सापडतो कोण? जो आपण होऊन नाव लावायला आला तो."

"मग त्या गावठी बंदुका पकडा की!"

"रानात कुठे शोधू?"

"मला विचारता? मी काय पारधीला जाते?"

ते हसले. मी हसले नाही. खरं म्हणजे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं आणि त्यामुळेच मला जास्त चीड आली. सरकारी माणूस बरोबर बोलून काम टाळतो ना, त्याच्याशी भांडायलाही काही हाताला लागत नाही.

"रागावलेली माणसं भांडणारच मॅडम," ते उठता उठता म्हणाले. "बंदूक नसली तर कोयती घेतील. कमरेला असतेच."

ते खरं होतं. आमच्याकडे प्रत्येक बाप्याच्या कमरेला मागे आकडी असते आणि आकडीला कोयती लटकलेली असते. फांदी तोडायला, नारळ सोलायला, काजूचं रान साफ करायला. तिला परवाना लागत नाही.

मला त्यांना काय उत्तर द्यावं सुचलं नाही. मी पेन काढलं आणि दिसलं ते लिहिलं. समोरून. जवळून. खांद्याच्या उंचीवर. जखमेत बोळ्याचा काथ्या. सही केली, शिक्का मारला.

"तुम्हाला त्रास होईल," फौजदार म्हणाले.

"सवय आहे."

सहदेव गोव्याहून परत आला तो एक डोळा पट्टीखाली घेऊन. डोळा काढावा लागला होता. ड्रायव्हरने सांगितलं, येताना हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवून स्ट्रेचरच्या खाली टॉर्च मारून बघितलं. गोव्याची दारू आहे का म्हणून. त्या शिपायाची काही चूक नाही, ते त्याचं कामच. पण मी मनात म्हटलं, वा रे सरकार, बाटली शोधायला नाका आहे आणि बंदूक शोधायला रान मोठं आहे.

पुढे केसचं काय व्हायचं तेच झालं. सगळे साक्षीदार तेच वाक्य बोलले. सहदेवही बोलला. एका डोळ्याने खाली बघत तो म्हणाला, बार सुटलो. आबा सुटला. माझ्या सर्टिफिकेटने काय झालं, तर केस उभी राहण्याआधीच, भात शेतात असतानाच, परवाना रद्द झाला आणि बंदूक पोलिस स्टेशनच्या खोलीत जाऊन पडली. ज्याने बार काढला तो घरी. बंदूक कोठडीत.

आणि डुकरं शेतात.

एका सकाळी ओपीडी चालू असताना शेवंती आली. रांगेत थांबली नाही. डोक्यावर भारा होता. तो तिने माझ्या टेबलावर टाकला. चिखलात लोळवलेलं, चावलेलं भात. लोंब्या मोडलेल्या, दाणे गळलेले. माझी प्रिस्क्रिप्शनं, स्टेथोस्कोप, सगळं चिखलाने माखलं.

"ह्या बघा तुमच्या सहीचा पीक," ती म्हणाली. "घेवा. रांधून खावा."

"शेवंती, माझा ऐक..."

"काय ऐकू? डोळो एकाचो गेलो. भात सगळ्यांचा गेला. तुमका खरा लिवक होया होता ना? लिवलास. आता पोरांच्या पोटाक काय घालू, तुमचो शिक्को?"

रांगेतले पेशंट माना उंचावून बघत होते. मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण त्या दिवशी ऐकून घेतलं. ती गेल्यावर फर्नांडिस सिस्टर टेबल पुसायला आल्या तेव्हा मी त्यांच्यावर उगाच ओरडले. मग त्यांची माफी मागितली. मग आत जाऊन रडले. रागाने रडले, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात मी तालुक्याच्या ठिकाणी मीटिंगला गेले होते. तिथे परवान्यांचं काम बघणारे साहेब होते. मी त्यांना गाठलं.

"आबाचा परवाना रद्द केलात, उत्तम केलंत. त्याच्या हातात बंदूक पुन्हा देऊ नका. पण वाडीतल्या दुसऱ्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाला द्या ना."

"तसं नियमात बसत नाही. अपराध झालेल्या वाडीत इतक्यात नवा परवाना नाही."

"अपराध वाडीने केला का?"

"मॅडम, आम्हाला बंदुका कमी करायच्या आहेत."

"मग डुकरं तुम्ही हाकायला या."

"शेतरक्षण आमचं खातं नाही."

"बंदूक तुमचं खातं, डुक्कर दुसऱ्याचं खातं, डोळा माझं खातं! आणि भात कोणाचं खातं?"

साहेब म्हणाले, "डुकरांचं." आणि आपल्याच विनोदावर हसले. मी माझी पर्स उचलली आणि निघाले, नाहीतर ती पर्स मी त्यांच्या डोक्यात घातली असती.

वाडीने त्या वर्षी रात्ररात्र डबे बडवले, आगट्या पेटवल्या. कोणी म्हणत होतं, लांबच्या वाडीतून गावठी बंदूकही आणली होती. म्हणजे बघा, परवान्याची बंदूक जमा आणि बिनपरवान्याची शेतात. फौजदारांचं म्हणणं खरं झालं असं मला वाटायला लागलं. माझी सही पाण्यात गेली. सहदेवला डोळा मिळाला नाही, आबाला शिक्षा झाली नाही आणि वाडी माझ्या नावाने बोटं मोडत होती. बाजारात त्या वाडीतल्या बायका मला बघून तोंड फिरवायच्या.

पुढच्या पावसाळ्यात लावणीचे दिवस होते. दुपारची वेळ. मी जेवायला उठणार एवढ्यात दारात दोन बाप्ये दिसले. भिजलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. एक सहदेव. त्याचा डावा हात पंच्यात गुंडाळलेला, पंचा रक्ताने लाल. दुसरा आबा. तो सहदेवचा हात कोपराशी धरून वर उचलून उभा होता, रक्त कमी जावं म्हणून. मागे शेवंती.

मी पंचा सोडला. मनगटापासून वर लांब तिरका घाव. कोयतीचा. कातडी आणि थोडं मांस. हाड शाबूत, शिरा शाबूत, बोटं हलत होती. मी बोटं एकेक करून हलवायला लावली. सगळी हलली.

"काय झालं?" मी विचारलं. आणि मनात म्हटलं, आता हेही डुक्कर समजून झालं म्हणा, म्हणजे मी तुम्हा तिघांनाही बाहेर फेकते.

"कोयती लागली," सहदेव म्हणाला.

झालं! पुन्हा तेच. बार सुटतो, कोयती लागते. करणारा कोणीच नाही. माझा पारा चढला. "कोयती लागली? अशी उडत उडत इली आणि लागली? मेल्यांनो, माका काय खुळी समजलास?"

"लागाक नाय," आबा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. बार उडाला त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. पन्नाशीचा माणूस, चेहरा चिखलाने माखलेला.

"मी मारलंय," तो म्हणाला. "मेरेवरना."

सुई माझ्या हातात तशीच राहिली.

"आणि तेव्हा, बाय, बार सुटाक नाय. बार मीच काढलंय. डुकर नव्हता. ह्यो माझ्या समोर उभो होतो."

शेवंती भिंतीला टेकून उभी होती. तिला आणि सहदेवला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त आबाच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"मगे आज काय झाला?" मी विचारलं. "आज कोयती होती. मानेर घालूची नाय?"

माझं बोलणं कठोर होतं. मला ते कठोरच हवं होतं.

आबाने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "घालूच्याच इरादान उचललंय. खोटा कित्याक सांगू? पण कोयती मारूक जवळ जावचा लागता. जवळ गेलंय तर ह्येचो तो फुटको डोळो समोर इलो. हात अर्ध्यार थांबयलंय. थांबता थांबता इतक्या लागला. कोयती अर्ध्यार थांबयता येता, बाय. बार थांबयता येणा नाय. बोट हलला की झाला."

मी टाके घालायला लागले. सहदेवने एकदाही हात ओढून घेतला नाही. आबाने त्याचा दंड सोडला नाही. टाके संपल्यावर मी एमएलसीचा कागद पुढे घेतला.

"आबानु, तुमी सांगितलास ता लिवू?"

"लिवा," तो म्हणाला. "आता जमा करूक काय नाय. कोयती होयी तर ठेवन घेवा."

त्याने आकडीतली कोयती काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती परत दिली. भाताची लावणी अर्ध्यावर होती. उपटलेला तरवो, म्हणजे भाताची रोपं, शेतातच पडून होता.

आता लोक मला विचारतात, डॉक्टरबाई, तुम्ही इतकी वर्षं जखमा बघितल्यात, बंदुकीचे कायदे कडक केले तर मारामाऱ्या कमी होतात का? पेपरात काही आलं की हमखास विचारतात. मी सांगते, मारामाऱ्या नाही हो कमी होत. मेर तीच राहते, भाऊ तेच राहतात, राग तोच राहतो. गावठी बंदुका रानात राहतात आणि कायदा करणाऱ्यांना अक्कल नसेल तर डुकरांची चंगळ होते. त्या साहेबांचा मला आजही संताप येतो. वाडीला पुढे कधीतरी शांत डोक्याच्या माणसाच्या नावावर नवा परवाना मिळाला, पण तोवर किती भात गेलं त्याचा हिशेब कोणी दिला नाही. हे सगळं खरं आहे आणि फौजदारांच्या तोंडून आलं म्हणून ते खोटं होत नाही.

पण त्यांना तेव्हा द्यायला जे उत्तर मला सुचलं नव्हतं, ते आबाने दिलं. तोच आबा, तोच सहदेव, तीच मेर. एकदा मी सहदेवला जीपमध्ये घालून गोव्याला पाठवला आणि त्याचा डोळा परत आला नाही. दुसऱ्यांदा मी त्याला टाके घातले, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं आणि तो आपल्या पायांनी उठला.

दाराशी शेवंती थांबली. तिने छत्री उघडली. सहदेवच्या डोक्यावर धरली. मग आबाकडे बघून म्हणाली, "येवा रे बिगीन. तरवो तसोच पडलो आसा."

तिघं एका छत्रीखाली घरी गेले.